वळ

रविवारी दुपारी मिरजेहून फोन आला
तेव्हा टीव्हीवर प्रश्नमंजुषेचा जुनाच भाग पुन्हा लागला होता.
सुधन्वाने चित्र थांबवलं
आणि फोन घेऊन जिन्यावर जाऊन बसला, दार लोटून.

पडद्यावर स्टोकची कुणी एक बाई,
गळ्यात मोत्यांची माळ, उत्तर द्यायला उघडलेलं तोंड,
कोपऱ्यात सात सेकंद शिल्लक.

मी बटाटे सोलले. त्याचे दोन शर्ट इस्त्री केले.
दारापलीकडून मधूनच "सातबारा", मधूनच "अरे पण",
एकदा मोठ्याने "मग मी कोण?"
त्यानंतर बराच वेळ काहीच नाही.
अडीच तास त्या बाईने तोंड मिटलं नाही.

तो परत आला, चॅनेल बदललं,
बाई गेलीच नाही.
हवामानाच्या नकाशात स्कॉटलंडवर तिचं कपाळ,
स्नूकरच्या हिरव्यावर माळ,
धुतलेल्या परकरावर चहाचा डाग उरतो तेवढी फिकट.
आणि कोपऱ्यात सात. अजून सातच.

"जळला," सुधन्वा म्हणाला, "साठ पौंड पाण्यात."
फ्रीमन स्ट्रीटवरच्या डेरेकला घरी फोन लावला,
सेकंडहँड प्लाझ्मा त्यानेच आमच्या गळ्यात मारलेला.
डेरेक जेवत होता. घास गिळून म्हणाला,
जळला नाहीये, दमलाय.
कॉन्ट्रास्ट उतरवा,
आणि रात्रभर पांढरं लावून ठेवा. नुसतं पांढरं.

मास्तरांच्या छडीने लाल झालेला तळवा
आई उजेडात धरून बघायची,
खोबरेल चोळायची, म्हणायची,
वळ आहे गं, वण नाही. उतरेल.

पांढरं आणायचं कुठून?
सुधन्वाने फ्रिजवरचे लोहचुंबक काढले,
डेंटिस्टची चिठ्ठी काढली,
दाराचा फोटो घेतला आणि पेनड्राइव्हवरून लावला.
रात्री अकराला आमच्या बैठकीत
पन्नास इंचांचं फ्रिजचं दार उजळलं.

गोदीकडून माशांचा वास येत होता.
समोरच्या पॉलीनने पडदा सारून पाहिलं, पुन्हा ओढला.
टीव्हीची पाठ तव्यासारखी तापली होती.
झोपायला हवं होतं, सहाला माझी शिफ्ट;
पण त्या उजेडात बसून राहिलो दोघं,
कुणाच्या उशाशी बसावं तसे.
सोफ्याचा उसवलेला काठ दिसला,
त्याच्या कानामागचे पिकलेले केस,
माझ्या अंगठ्यावर बटाट्याचा काळेपणा.
फोनबद्दल तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.
बाई पुसट होत होती, की आम्हालाच तसं वाटत होतं.

पावणेचारला मीटरमधले पैसे संपले.
उधारीचे पाच पौंडही हा पांढरा राक्षस खाऊन बसलेला.
खटकन सगळं बंद, फ्रिजसुद्धा.

काळोखात माझ्या डोळ्यांपुढे चौकोन तरंगत राहिला.
"तुला दिसतोय?"
"हो."
"हिरवा?"
"मला जांभळा."
मिटले तरी होता.

मग त्या जांभळ्यामागून कुठूनतरी तो म्हणाला,
"दादाने हक्कसोडावर माझी सही केली.
हुबेहूब केलीय गं.
शेवटच्या रेघेला मी देतो तो हेलकावासुद्धा.
मीच ओळखली नसती."

काहीतरी म्हणायला हवं होतं.
मी तोंड उघडलं.

सकाळी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून
मीटरची किल्ली दहा पौंडांनी भरून आणली.
टीव्ही लागला. कुठल्याशा शेतात मेंढ्या चरत होत्या,
नुसत्या मेंढ्या, कपाळ नाही, माळ नाही.
"उतरला," म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.

सात मात्र आहे अजून.
राखाडी ढग असले पडद्यावर
आणि खुर्चीतून जरा तिरकं पाहिलं, तर.
मी सुधन्वाला सांगितलेलं नाही.
त्याने मला.